बांबू शेकायचा नसतो

ऑक्टोबरच्या मध्यावर एका सकाळी आमच्या तळघरातला, घर गरम करणारा फर्नेस त्या मोसमात पहिल्यांदा सुरू होतो. आधी खाली कुठेतरी भप्प असा आवाज होतो आणि मग घरभर जळक्या धुळीचा वास सुटतो. उन्हाळाभर पत्र्याच्या नळांत साचलेली धूळ असते ती. दहा मिनिटांत वास जातो. तेवढ्यात मी उठून स्वयंपाकघरात गेलेलो असतो आणि स्टीलचं एक पसरट वाडगं पाण्याने भरून हॉलमधल्या गरम हवेच्या जाळीजवळ ठेवलेलं असतं.

"आता घरात बांबूचं काय आहे?" बायको दर वर्षी विचारते.

"काही नाही."

"मग ते वाडगं? सारखं पाय लागतो."

"असू दे."

तिला सगळं ठाऊक आहे, तरी विचारते. मीही सगळं सांगून झालेलं असूनही 'असू दे' म्हणतो. त्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत मला एका जागी धड बसवत नाही. ऑफिसात ठीक असतं. घरी आलो की हात ओठांवरून फिरतो, ओठ फुटलेत का ते बघतो. दाराच्या मुठीला हात लावला की कोरड्या हवेमुळे विजेचा बारीक चटका बसतो, ते चटके मोजतो. लाकडी कपाट कुठेतरी टक् करतं आणि मी पेपर खाली ठेवून उठतो. डेट्रॉइटजवळ ट्रॉयमध्ये घर घेऊन इतकी वर्षं झाली, मुलं मोठी झाली, पण हिवाळ्यातला हा टक् अजून माझ्या अंगवळणी पडलेला नाही.

या वाडग्याची सुरुवात झाली त्या वर्षी मी अमेरिकेत नवा होतो. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. सांगोल्याच्या शाळेतून आणि सोलापूरच्या बोर्डिंगातून निघून शिष्यवृत्तीवर शिष्यवृत्ती मिळवत मी डेट्रॉइटच्या बाहेरच्या एका विद्यापीठात मेकॅनिकलच्या एम.एस.ला आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं. बोर्डिंगच्या सरांनी माझे सगळे फॉर्म स्वतःच्या हाताने भरले, शिक्के मारून आणले, आणि मुंबईला विमानतळावर पोचवायलाही तेच आले. त्यांचं हे ऋण मला आजही फिटल्यासारखं वाटत नाही, आणि फिटावं असंही वाटत नाही.

मी राहायचो ती खोली एका फिलिपिनो नर्सच्या घरात होती. घर जुनं, खोलीखोलीत वाफेने तापणाऱ्या लोखंडी रेडिएटरचं. पहिल्याच दिवशी तिने मला तिचं नाव सांगितलं आणि लगेच म्हणाली, "मिसेस वगैरे म्हणू नकोस. मनांग रोझा म्हण. मनांग म्हणजे मोठी बहीण." मला ती अडिंग म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. नात्याचा शब्द मिळाला आणि परक्या गावातली निम्मी थंडी तिथेच कमी झाली.

मनांग रोझा कलिंगा होती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या कलिंगाशी याचा काही संबंध नाही. फिलिपिन्सच्या उत्तरेकडे उंच डोंगर आहेत, उतारावर पायऱ्या पायऱ्यांची भातशेती आहे, तिथले हे आदिवासी लोक. हॉस्पिटलातल्या इतर फिलिपिनो नर्स सपाटीवरच्या, शहरातल्या होत्या. त्यांना डोंगरातल्या लोकांविषयी जरा कुतूहल आणि जरा अढी असायची. मनांग हसून सांगायची, "नर्सिंग कॉलेजात मला विचारायच्या, तुमच्याकडे झाडावर राहतात का? मी म्हणायचे, हो, लिफ्टने वर जातो."

तिच्या बैठकीच्या खोलीत एक लांबट लाकडी पेटी होती. तीत जुन्या सुती कापडात गुंडाळलेल्या बांबूच्या सहा नळ्या होत्या. या वाद्याला बलिंगबिंग म्हणतात. नळी हातभर लांब. मुठीत धरायचं टोक पेराने बंद, आणि वरचा अर्धा भाग दोन्ही बाजूंनी कापून त्याच्या समोरासमोर दोन जिभा केलेल्या. मुठीजवळ एक भोक, त्यावर अंगठा. नळी दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर हलकेच मारली की जिभा थरथरतात आणि झंय्य असा आवाज निघतो, मोठा भुंगा कानाजवळून गेल्यासारखा. अंगठा उचलला की आवाज उघडतो, ठेवला की दबतो. डोंगरातल्या पायवाटेने चालताना ही वाजवत जातात. मनांगची आजी सांगायची की याने वाटेवरची भुतं बाजूला होतात.

सहा नळ्यांचे सहा आवाज, चढते उतरते. एका माणसाकडे एकच नळी, आणि त्याची एकच ठरलेली जागा. एकट्याची नळी ऐकली तर काहीच कळत नाही. सहा जण ओळीने एकामागोमाग शिरले की मध्येच हवेत एक चाल तयार होते, जी त्यांच्यापैकी कुणीच वाजवत नसतो. तिच्या गावी हीच चाल लग्नात आणि दोन गावांच्या तहात काशाच्या सपाट थाळ्यांवर वाजते. त्यांना गँगसा म्हणतात. त्या घराण्याच्या वारशाच्या, त्या गावाबाहेर जात नाहीत. बांबू गरिबांचा आणि शिकणाऱ्यांचा. ही सहाची जोडणी तिच्या मामाने, ती अमेरिकेला निघाली तेव्हा, स्वतः कापून दिली होती. मामा आता नव्हता.

तिची मुलगी लीना इथेच जन्मलेली. तिचं लग्न ईस्टरनंतरच्या शनिवारी ठरलं होतं, चर्चच्या सभागृहात. मनांगने मनाशी ठरवलं होतं की लीना दारातून आत येईल तेव्हा हे सहा बांबू वाजले पाहिजेत. तिने हॉस्पिटलातल्या तीन नर्स गोळा केल्या, मोटारीच्या कारखान्यातला एक शेजारी पकडला, पाचवी ती स्वतः. सहावा मिळेना.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी पायऱ्यांवर बसून त्यांची तालीम ऐकत होतो. पाच जण सारखे घसरत होते. नकळत माझी बोटं गुडघ्यावर चालू होती. मनांगने बघितलं.

"अडिंग, इकडे ये. हा चौथा घे."

मी घेतला. तिने माझी जागा दाखवली. दुसऱ्या फेरीला मी त्या जागेवर जाऊन बसलो आणि तिथून हललो नाही. बाकीचे घसरले तरी हललो नाही. वाजवणं थांबलं तेव्हा ती माझ्याकडे वळली.

"कुठे शिकलास?"

"कुठे नाही," मी म्हणालो.

हे खोटं होतं. माझे वडील हलगी वाजवायचे. त्यांचे वडीलही, आणि बोर्डिंगात जाईपर्यंत मीही. लग्नात वऱ्हाडापुढे, जत्रेत छबिन्यापुढे, बैलपोळ्याला. गळ्यात दोरी, डाव्या हातात बारीक काडी, उजव्या हातात जाड टिपरू. मांडवात नवरा-नवरी बसले की आमची माणसं मांडवाबाहेर बसायची. पंगती उठल्या की शेवटी आम्हाला बोलावणं यायचं. वाजवण्याआधी वडील कडब्याच्या चार काड्या पेटवून हलगी त्या जाळावर फिरवायचे, गोल गोल, जाळाला न टेकवता. मधूनच बोटाने टिचकी मारून कानाशी न्यायचे. दमट हवेने सैलावलेलं चामडं हळूहळू ताणायचं. ढप्प वाजणारी हलगी दोन मिनिटांत कडाडायला लागायची. माझ्या लहानपणाचा वास विचाराल तर तो धुराचा आणि तापलेल्या चामड्याचा आहे.

बोर्डिंगात गेल्यावर मी हे सगळं मागे ठेवलं. अमेरिकेत आल्यावर तर ठेवायचीही गरज उरली नाही, कारण इथे कुणी बघितलेलंच नव्हतं. इथली मराठी माणसं भली होती. पहिल्या थंडीत एका काकूंनी मला आपल्या मुलाचा कोट दिला. पण भेटल्यावर दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला असायचा: वडील काय करतात? आणि मी म्हणायचो, शेती. शेती म्हटलं की पुढे कुणी विचारत नसे.

फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली. बाहेर बर्फ, आत रेडिएटर रात्रंदिवस फुसफुसत होते. त्या रविवारी दुपारी तालीम होती आणि मनांग हॉस्पिटलातून यायची होती. तिला डबल शिफ्ट पडली होती, हे मला माहीत होतं. वाटलं, ती दमून येईल, आपण सगळं मांडून ठेवू. पेटी उघडली. चौथा बांबू उचलून तळव्यावर मारला. आवाज मला जरा मऊ वाटला, सैल वाटला. खरंच होता की नव्हता, देव जाणे. पण माझ्या हातांना विचार करायला वेळ लागला नाही. खोलीत जाळ नव्हता, रेडिएटर होता. मी त्यावर टॉवेल अंथरला आणि बाकीचे पाच बांबू ओळीने मांडले. चौथा मात्र हातात धरला आणि उघड्या लोखंडाजवळ फिरवायला लागलो, गोल गोल. मधूनच टिचकी मारून कानाशी नेत होतो. वडिलांसारखा.

टक्.

एवढाच आवाज झाला. जिभांच्या मुळापासून मुठीकडे केसाएवढी एक रेघ गेली होती. मी बाकीचे पाच झटकन उचलले. ते शाबूत होते. चौथा कापडात गुंडाळून मी पेटीत सगळ्यात खाली ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. मनांगचा होता. बर्फामुळे तिची बदली नर्स पोचली नव्हती, आजची तालीम रद्द. "पुढच्या रविवारी," ती म्हणाली. "ठीक आहे," मी म्हणालो.

त्या आठवड्यात मी किती चाललो असेन त्याला हिशेब नाही. लायब्ररीत पुस्तक उघडायचो आणि उठायचो. लॅबमध्ये प्रयोगातली एक धातूची पट्टी कंप पावत होती, तिच्याकडे बघवेना. घरी मनांग सकाळी कॉफी प्यायला बसली की मी घाईने बाहेर पडायचो. एकदा तिने हटकलं, "अडिंग, तुला बरं नाही का?" मी म्हटलं, परीक्षा आहे. शनिवारी मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, बर्फामुळे तीन आठवडे पुढे गेलेला. मला शिरीष घेऊन गेला. शिरीष माझ्याबरोबरचा, पुण्याचा, मोकळा मुलगा. त्याच्याकडे गाडी होती आणि मला कुठे न्यायला तो कधी कुरकुरला नाही. तिथे तिळगूळ देताना एक नवीन काकू म्हणाल्या, "सांगोल्याचे का? अगं बाई, आमच्या मावशी पंढरपूरला. वडील काय करतात तुमचे?"

तिळाचा लाडू तोंडात होता. "शेती," मी म्हणालो.

परत येताना शिरीष कसली तरी गंमत सांगत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. मनात एकच गोष्ट फिरत होती. बांबू तापवावा का, हे मनांगला विचारता आलं असतं. एवढा साधा प्रश्न. पण विचारलं असतं तर तिने उलट विचारलं असतं, तुला हे कसं सुचलं? आणि मग सांगावं लागलं असतं.

रविवारी सगळे जमले. मनांगने पेटी उघडली, एकेक बांबू काढून हातात दिला. चौथा काढला, सवयीने तळव्यावर मारला आणि थबकली. पुन्हा मारला. आवाज खाली उतरला होता, पार पाचव्याच्या अंगावर जाऊन पडला होता. तिने खिडकीशी नेऊन रेघ बघितली, नखाने चाचपली.

"हा कुणी तापवला?"

कारखान्यातला शेजारी बुटांकडे बघायला लागला.

"मी," मी म्हणालो.

"का?"

"माझे वडील तापवतात. वाजवण्याआधी. त्यांचं वाद्य चामड्याचं असतं. हलगी. जाळावर शेकतात."

"तुझे वडील वाजवतात?"

"हो. लग्नात. आमच्या घरात सगळेच वाजवतात."

माझे कान तापले होते. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं वाक्य बाहेर पडलं, आणि रेडिएटर पूर्वीसारखाच फुसफुसत होता.

"पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, तेव्हा कुठे नाही म्हणालास."

मी पेटीतल्या सुती कापडाची घडी घालायला लागलो.

"माझ्या मामाकडे नाकाने वाजवायची बासरी होती," ती बांबू फिरवत म्हणाली. "तो म्हणायचा, तोंड खोटं बोलतं म्हणून आम्ही नाकाने वाजवतो." एक नर्स हसली. मनांग हसली नाही. "अडिंग, मला राग आला आहे. खूप आला आहे. मामा आता दुसरा कापून देणार नाही. चामडं तापलं की ताणतं. बांबू तापला की फुटतो. बांबू शेकायचा नसतो, त्याच्याजवळ पाणी ठेवायचं असतं. एवढं विचारायचं होतंस."

ती आत गेली. मला वाटलं, आता जायला सांगेल. येताना तिच्या हातात टाके घालायचा काळा रेशमी दोरा, एक छोटा चाकू आणि जुने पेपर होते. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरले. रेघ संपत होती तिथे दोरा आवळून गुंडाळला आणि जखमेला मारतात तशी गाठ मारली. "आता पुढे जाणार नाही," ती म्हणाली.

"पण त्याचा आवाज उतरला," मी म्हणालो. "हा बाजूला ठेवा. पाचांवर वाजवा. मी नसलो तरी चालेल."

"पाचांवर वाजत नाही. सहा म्हणजे सहा." तिने पाचवा बांबू उचलला. "चौथा खाली उतरला ना? मग बाकीच्यांना थोडं खाली घेऊ. यांना बाहेरचा कुठला सूर लागत नाही. एकमेकांशी जुळले की झालं."

मी बघतच राहिलो. एक फुटला म्हणून पाच चांगले तासायचे. तिने चाकू जिभेच्या टोकाला लावला तेव्हा मात्र मी पटकन म्हणालो, "टोकाला नको. टोक तासलं तर सूर वर जाईल. मुळाशी तासा."

तिने वर बघितलं. "हे मामाला माहीत होतं. तुला कुणी सांगितलं?"

"पुस्तकाने. आम्हाला कंपनांचा एक कोर्स असतो."

"चांगलं पुस्तक आहे," ती म्हणाली आणि चाकू माझ्या हातात दिला. "मग तूच कर. मी ऐकते."

ती दुपार मला पुरी आठवते. बांबूचा भुसा पेपरावर पिवळा पडत होता. मी एक पातळ पापुद्रा काढायचो, तळव्यावर मारायचो, चौथ्याशी ताडून बघायचो, पुन्हा पापुद्रा. लॅबमध्ये आकडे दाखवणारं यंत्र होतं, ते आणावं असं एकदा मनात आलं. आणलं नाही. कानाशी नेऊन टिचकी मारत होतो आणि कान सांगत होता, अजून, अजून, बस्स. पाचवा खाली आला, मग सहावा, मग वरचे तिघे. संध्याकाळी सहा जण ओळीने शिरलो आणि मधल्या हवेत ती चाल पुन्हा उभी राहिली. जरा जड, जरा वयस्क आवाजाची. मनांगने डोळे मिटले होते. संपल्यावर फक्त म्हणाली, "लीनाला फरक कळणार नाही. मला कळेल." मग मला म्हणाली, "भांडी तू घास."

भांडी घासल्यावर मी एका वाडग्यात पाणी भरलं आणि पेटीजवळ नेऊन ठेवलं. तो नियम तेव्हापासूनचा.

लग्नाला मला शिरीषनेच गाडीने नेलं; मनांगने त्यालाही जेवायला थांबवलं. लीना पांढऱ्या झग्यात दारातून आली, आम्ही सहा जण दोन्ही बाजूंना उभे. काळा दोरा गुंडाळलेला बांबू माझ्याच हातात होता. ती चालत गेली आणि आम्ही वाजवत तिच्या मागून आत गेलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्नात वाजवताना मी आयुष्यात पहिल्यांदा आत आलो आहे. बसायला टेबल होतं, ताटलीवर माझं नाव लिहिलेलं कार्ड होतं.

जेवताना शिरीष म्हणाला, "यार, तू तर एकदम छुपा रुस्तम निघालास. रिदम एकदम परफेक्ट. तबला शिकलायस का?"

त्याने स्वतःच एक दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. तबला चांगला शब्द होता, शेतीपेक्षाही चांगला.

"नाही," मी म्हणालो. "माझे वडील हलगी वाजवतात. लग्नात, वऱ्हाडापुढे."

त्याचा काटा ताटलीवर थांबला. "तू तर शेती म्हणाला होतास."

"खोटं बोललो होतो."

"अच्छा," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर रेडिओ लावला, बंद केला, आणि मग विचारलं, "किती जण लागतात त्याला?" मी सांगितलं. पुढची मैत्री राहिली, पण ती आधीची होती की दुसरी, हे मला आजही सांगता येत नाही. मंडळात बातमी पोचलीच. पुढच्या गणपतीच्या आधी एका काकांचा फोन आला, "मंडळाचा ढोल आहे, तुम्ही मिरवणुकीपुढे वाजवाल का? फार शोभा येईल." मान होता की जुनीच जागा होती? "वाजवीन," म्हणालो, "पण आरतीला आत येईन." ते म्हणाले, "अहो, म्हणजे काय." त्यांचं 'म्हणजे काय' मी वर्षानुवर्षं मनात फिरवून पाहिलं आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, बोर्डिंगचे सर गावी जाऊन वाचून दाखवायचे. मी सगळं लिहिलं, शेतीचंही. उत्तर दीड महिन्याने आलं, सरांच्या वळणदार अक्षरात. शेतीबद्दल वडिलांनी एक शब्दही सांगितला नव्हता. एवढंच होतं: त्या बाईला सांग, पोराच्या हातून चूक झाली. आमच्यातही जास्त शेकली की फाटते. माझ्या हातून दोन फाटल्या, एक तर लग्नाच्या दिवशी.

मी ते मनांगला इंग्रजीत करून सांगितलं. ती पहिल्यांदा मोकळी हसली. पुढे ती कॅलिफोर्नियाला गेली, लीनाजवळ. सहाही बांबू घेऊन गेली. आठवण म्हणून एक मागावा असं माझ्या मनात आलं होतं, पण सहातला एक देता येत नाही, हे मला आता कळत होतं.

वडील गेले तेव्हा मी गावी होतो. येताना त्यांची हलगी आणली. ती ट्रॉयच्या घरात हॉलमधल्या त्या जाळीजवळच्या भिंतीवर आहे. ज्या कोरड्या हवेने बांबू फोडला, त्याच हवेने ती हिवाळाभर आपोआप ताणलेली असते. इथे तिला जाळ लागत नाही. फर्नेस सुरू झाला की दोन दिवसांत कडं करकरतं, आणि मग पेपरात माझं लक्ष राहत नाही. मी तिच्याखालचं वाडगं पायाने जरा जवळ सरकवतो, कारण वडिलांच्या फाटलेल्या दोन माझ्या डोक्यातून जात नाहीत. मग हलगी काढून गळ्यात अडकवतो.

"डॅड, इट्स सेवन थर्टी इन द मॉर्निंग," वरून मुलगी ओरडते.

"ठाऊक आहे," मी म्हणतो, आणि टिचकी मारून आधी कानाशी नेतो.